वंगणाची वाट

चाकाचा इतिहास सांगतांना बहुधा त्याच्या बाहेरच्या भागाचीच थोरवी गाइली जाते. भरीव फळ्यांचें चाक जाऊन आऱ्यांचें चाक केव्हां आलें, त्यावर लोखंडी धांव कशी चढली, पुढें रबराची धांव कशी निघाली, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु फिरणारें चाक आणि न फिरणारा आंस यांची जेथें गांठ पडते, त्या तुंब्यांत सहसा कोणी डोकावून पाहात नाहीं. वास्तविक चाकाचें आयुष्य तेथेंच ठरतें. तुंब्यांत वंगण असेल तर चाक मुकाट्यानें चालतें. तें आटलें तर चाक आधीं कुरकुरतें, मग तापतें, आणि शेवटीं आंसालाच खाऊं लागतें.

या वंगणाच्या इतिहासाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागांत माणसापुढें प्रश्न एवढाच होता कीं, वंगण आंत घालावें कसें. दुसऱ्या भागांत, घातलेलें वंगण आंतल्या आंत राखावें कसें, असा प्रश्न उभा राहिला. पहिला प्रश्न सोयीचा होता. दुसरा हळूहळू जिवावरचा होऊन बसला. तो कसा, हें जुन्या जीप गाडीच्या गळक्या तुंब्याइतकें स्पष्टपणें दुसरें कांहींच सांगूं शकणार नाहीं. पण त्या तुंब्यापर्यंत पोहोंचण्यासाठीं थोडें मागून निघालें पाहिजे.

आंसाला स्निग्ध पदार्थ लावण्याची युक्ति फार जुनी आहे. इजिप्त देशांत ख्रिस्तपूर्व १४०० च्या सुमारास थडग्यांत ठेवलेल्या रथाच्या आंसावर प्राण्यांच्या चरबीचे अवशेष आढळले आहेत. आपल्याकडे चरकसंहितेंत अभ्यंगाचे, म्हणजे अंगास तेल चोळण्याचे, गुण सांगतांना तीन दाखले दिले आहेत: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण दिलेला गाडीचा आंस. स्नेहामुळें हे तिन्ही पदार्थ टिकाऊ होतात, तसेंच शरीराचेंहि होतें, असा ग्रंथकाराचा आशय. वैद्यकाच्या ग्रंथांत चामडें आणि आंस असे शेजारीं येऊन बसले आहेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. कारण पुष्कळ शतकांनंतर आंसाचें तेल राखण्याची कामगिरी चामड्याकडेच आली.

महाराष्ट्रांतील बैलगाडीस वंगणाची नळी टांगलेली असे. तींत तेलानें भिजलेल्या चिंध्या असत. वाटेंत चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरे, खीळ काढून चाक थोडें बाहेर ओढी, आंसाला वंगण फांसून चाक पुनः आंत ढकली आणि बैलांना हांक देई. तुंब्यांतून काळें वंगण बाहेर येऊन आऱ्यांवर ओघळे. त्याची कोणास पर्वा नसे. फार तर गाडीवानाच्या धोतरास काळा डाग पडे. पांच फूट व्यासाचें चाक धरलें आणि गाडीची चाल ताशीं दोन मैल मानली, तर तें चाक मिनिटास दहा-अकरा फेरेच घेतें. एवढ्या सावकाश फिरणाऱ्या चाकाला थोडें वंगण पुरे होतें आणि तें गळालें तरी नळींत आणखी असतेंच. गळती हा या गाडीचा दोष नव्हता. तिचा तो स्वभाव होता.

हा स्वभाव प्रथम खटकूं लागला तो युरोपांत, टपालाच्या जलद गाड्या सुरू झाल्यावर. इंग्लंडांत १७८४ मध्यें टपाल नेणाऱ्या घोडागाड्या धांवूं लागल्या. त्यांना वेळ पाळावयाचा असे. वाटेंत थांबून चाकें काढीत बसणें परवडणारें नव्हतें. त्या १८ व्या शतकाच्या अखेरीस जॉन कॉलिंज नांवाच्या कारागिरानें एक नवा आंस काढला. त्याच्या टोकाला पितळी टोपी बसवून तिच्यांत तेलाचा सांठा ठेवलेला असे. चाक सुटूं नये म्हणून उलटसुलट आट्यांच्या दोन चाक्या घट्ट बसवीत. आणि मागच्या बाजूनें तेल निसटूं नये म्हणून आंसाच्या खांद्यापाशीं चामड्याची एक चकती घालीत. या आंसावर चाक कित्येक आठवडे विनातक्रार चाले. वंगण आंत राखण्याच्या कलेचा आरंभ येथें झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण ही चकती म्हणजे केवळ एक बूच होतें. चामड्याकडून याहून चतुर काम करून घेण्याची युक्ति दुसऱ्याच ठिकाणीं निघाली. १७९५ मध्यें जोसेफ ब्रामा यानें पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. त्या यंत्राच्या दट्ट्याभोंवतून पाणी निसटे आणि सारा दाब फुकट जाई. चामडें घट्ट आवळावें तर दट्ट्या हालेना; सैल सोडावें तर पाणी थांबेना. या अडचणींतून सुटण्यासाठीं चामडें वाटीसारखें वळवून, त्याचा ओठ दाबाच्या बाजूस करून बसविण्याची तोड निघाली, आणि तिचें श्रेय ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले या कुशल कारागिराला दिलें जातें. पाण्याचा दाब वाढला कीं तो त्या ओठांत शिरून त्याला दट्ट्यावर अधिकच दाबून धरी. दाब उतरला कीं ओठहि सैल पडे. जो शत्रु बाहेर पडूं पाहातो त्याच्याच बळानें दार लावून घ्यावयाचें, असें हें तत्त्व आहे. आजच्या मोटारींत जीं ‘ऑइल सील’ नांवाचीं कडीं असतात, त्यांच्या ओठामागें हेंच तत्त्व आहे. म्हणूनच कडें बसवितांना त्याचा ओठ नेहमीं तेलाकडे असावा लागतो. तो उलट बसला, तर नवें कोरें कडेंहि पहिल्या दिवसापासून गळतें.

यानंतर मोटार आली आणि तिनें तुंब्याचें सारें अंतरंगच बदलून टाकलें. अमेरिकेंत हेन्री टिम्कन नांवाचा गाड्या बांधणारा व्यावसायिक होता. त्यानें १८९८ मध्यें निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. तुंब्यांत अशीं दोन बेअरिंगें समोरासमोर बसविलीं, म्हणजे चाक वरून येणारें ओझेंहि सोसतें आणि वळणावर बसणारा बाजूचा धक्काहि सोसतें. परंतु या बेअरिंगांना स्वच्छ वंगण हवें. धूळ, चिखल किंवा पाणी यांचा त्यांना तिटकारा. शिवाय फेऱ्यांची संख्या कोठल्या कोठें गेली. जीपसारख्या गाडीचें चाक एका मैलांत सुमारें ७०० फेरे घेतें. ताशीं ४० मैलांच्या वेगानें तें मिनिटास पावणेपांचशें फेरे झाले. बैलगाडीच्या दहा-अकरा फेऱ्यांशीं याची तुलना करून पाहावी.

तरी एवढ्यानेंहि गळती जिवावर आली नसती. ती जिवावर आली ब्रेकमुळें. जुन्या गाडींत ब्रेक म्हणजे चाकाच्या धांवेवर बाहेरून दाबलेला लांकडी ठोकळा. त्याचा आणि तुंब्याचा कांहीं संबंध नव्हता. १९०२ मध्यें फ्रान्समध्यें लुई रेनो यानें चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि त्याच्या आंतून फांकणारे ब्रेकचे जोडे अशी रचना काढली. ब्रेक धुळीपावसापासून बचावला. पण तो आतां तुंब्याच्या अगदीं शेजारीं येऊन बसला. आरंभीं असे ब्रेक मागच्याच चाकांना असत. १९२० नंतरच्या दशकांत ते चारहि चाकांना लावण्याची रीत रूढ झाली. याचा परिणाम असा झाला कीं, ज्या तेलाचें काम घर्षण कमी करणें हें आहे आणि ज्या ब्रेकचें काम घर्षण वाढविणें हें आहे, ते दोघे प्रत्येक चाकांत भिंतीला भिंत लावून राहूं लागले. मधली भिंत म्हणजे काय, तर बोटभर रुंदीचें चामड्याचें कडें. बैलगाडीचें वंगण गळून धोतर काळें होत असे. मोटारीचें वंगण गळून ब्रेकच निकामी होऊं लागला.

साहजिकच या कड्याला महत्त्व आलें, आणि तें सुधारण्याचें काम चामडें कमावणाऱ्यांकडेच गेलें. जर्मनींत वाइनहाइम येथें १८४९ पासून फ्रॉइडेनबेर्ग घराण्याचा चामड्याचा कारखाना होता. १९२९ च्या मंदींत चामड्याचा व्यापार बसला, तेव्हां या कारखान्यानें मोटारींसाठीं चामड्याचीं कडीं करण्यास आरंभ केला. तेथील वाल्टर झिमर या तज्ज्ञानें १९३२ मध्यें कड्याची नवी घडण सिद्ध केली: बाहेर धातूची चौकट, आंत लवचिक ओठ आणि त्या ओठाभोंवतीं तारेची बारीक स्प्रिंग. ओठ झिजत जाईल तसतशी स्प्रिंग त्याला आंसावर दाबून धरी. १९३६ मध्यें याच कारखान्यानें कृत्रिम रबराचा ओठ असलेलें कडेंहि काढलें. साधें झाडाचें रबर खनिज तेलांत फुगून मऊ पडतें, म्हणून तें या कामास निरुपयोगी होतें. तेलांत न फुगणारें कृत्रिम रबर मिळालें तेव्हांच चामड्यास प्रतिस्पर्धी निर्माण झाला. तथापि युद्धकाळांत कोट्यवधि चाकांचें तेल राखण्याचें काम मुख्यतः चामड्यानेंच केलें.

अशा वेळीं जीप जन्मास आली. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन लष्करानें १३५ कारखानदारांस पत्रें धाडून एक हलकी, चारहि चाकांनीं ओढणारी गाडी मागितली, आणि नमुना देण्यास मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. पेन्सिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या अमेरिकन बॅन्टम या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरकरवीं आराखडे करवून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं मुदतीच्या आंत गाडी लष्कराच्या दारांत उभी केली. पुढें विलिस-ओव्हरलॅंड आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत मिळून सहा लाखांवर जीपा तयार केल्या.

या गाडीची खरी अवघड जागा पुढचीं चाकें ही होती. त्या काळच्या साध्या मोटारींत बहुधा पुढचीं चाकें नुसतीं वळत आणि मागचीं नुसतीं ओढीत. जीपचीं पुढचीं चाकें वळतातहि आणि ओढतातहि. चाक एकीकडे वळलेलें असतांना त्याला आंतून फिरविणारा दांडा मोडतां येत नाहीं; त्याला मनगटासारखा सांधा लागतो. असे सांधे घडविणें इतकें नाजूक काम होतें कीं, एकाच घडणीवर भागेना. युद्धकाळांतल्या जीपांत चार निरनिराळ्या घडणींचे सांधे आढळतात. हा सांधा ठेवण्यासाठीं आंसाच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळ पोलादी गोळा जोडला होता, आणि चाक धरणारी पेटी त्या गोळ्यावरून डावीउजवीकडे सरकत असे.

या रचनेमुळें जीपच्या पुढच्या आंसांत वंगणाच्या तीन खोल्या झाल्या. मधली खोली दांतेरी चक्रांच्या पेटीची. तींत पातळसर तेल. तें तेल आंसाच्या नळींतून बाजूला सरकूं नये म्हणून नळींत एक कडें बसविलेलें. हा पहिला पहारेकरी. दुसरी खोली पोलादी गोळ्याची. तींत सांध्यासाठीं घट्ट वंगण. गोळ्याच्या बाहेरून फिरणाऱ्या पेटीच्या कांठास नमद्याची पट्टी लावलेली. ती गोळा पुसत राहाते आणि आंतलें वंगण आंत, बाहेरचा चिखल बाहेर ठेवते. हा दुसरा पहारेकरी. तिसरी खोली तुंब्याची. तींत दोन बेअरिंगें आणि त्यांचें ग्रीस. तुंब्याच्या पाठीमागें, ब्रेकच्या अगदीं तोंडाशीं, तिसरें कडें. हा शेवटचा पहारेकरी.

आतां वंगणाची वाट पाहावी. पहिला पहारेकरी थकला कीं मधलें पातळ तेल नळींतून गोळ्यांत उतरतें. तेथलें घट्ट वंगण त्यानें पातळ होतें. हें पातळ मिश्रण नमद्याला आवरत नाहीं. तें गोळ्यावरून खालीं ठिबकूं लागतें. त्यांतलेंच कांहीं चाक फिरविणाऱ्या दांड्याच्या कडेकडेनें तुंब्यांत शिरतें आणि बेअरिंगांचें ग्रीसहि विरघळवून टाकतें. शेवटचें कडें घट्ट ग्रीस अडविण्यासाठीं घातलेलें. पातळ तेलापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. मग ड्रमच्या आंत तेलाचा ओघळ जातो. मालकास दिसतें तें एवढेंच कीं, चाकाच्या आंतल्या बाजूला टायरवर काळा पट्टा उमटला आहे. दोष मात्र तेथून हातभर आंत असतो.

युद्धांत या तीन पहारेकऱ्यांची कसोटी लागली. जीप नाल्यांतून, समुद्रकांठच्या उथळ पाण्यांतून, बर्फांतून आणि वाळूंतून धांवली. भारतीयांस जवळचें उदाहरण आसाम-ब्रह्मदेशच्या सरहद्दीचें. लेडो येथून डोंगर आणि दलदली ओलांडून चीनकडे जाणारा रस्ता युद्धकाळांत बांधला गेला. १२ जानेवारी १९४५ रोजीं लेडोहून निघालेला पहिला ताफा ४ फेब्रुवारीस कुन्मिंग येथें पोहोंचला. ती वाट सुमारें १,०८० मैलांची होती. अशा मुलुखांत चिखलाचे कण नमद्यांत रुततात, आणि मग तोच नमदा गोळ्याला कानशीसारखा घांसूं लागतो. तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला, म्हणजे आंतली हवा आकसते आणि कड्याच्या ओठाखालून पाणी आंत ओढून घेते. पाणी आणि वंगण यांचें दुधासारखें पांढुरकें मिश्रण झालें कीं बेअरिंगें गंजूं लागतात. म्हणून खोल पाण्यांतून गेलेल्या गाडीचे तुंबे उघडून, धुऊन, नवें ग्रीस भरावें, असा लष्करी शिरस्ता होता. शत्रूच्या गोळीइतकेंच लक्ष तुंब्यांतल्या पाण्याकडे देणें सैनिकास भाग होतें.

युद्ध संपलें आणि उरलेल्या गाड्यांचे ढीग विक्रीस निघाले. भारतांतहि लष्कराच्या जुन्या जीपा लोकांच्या हातीं आल्या. १९४५ मध्यें स्थापन झालेल्या महिंद्र बंधूंच्या कंपनीनें विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईंत माझगांव येथें त्यांची जुळणी करण्याचा उद्योग स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच उभा केला. इकडे इंग्लंडांत रोव्हर कंपनीचा मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स हा आपल्या ॲंगलसी बेटांतल्या शेतावर अशीच एक जुनी जीप वापरीत असे. तीवरून त्यास कल्पना सुचून ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लॅंड रोव्हर लोकांपुढें आली. तिच्याहि पुढच्या चाकांशीं तसाच पोलादी गोळा होता आणि त्यांत तेल भरलेलें असे. गोळ्याच्या चकचकीत पाठीवर गंजाचे खड्डे पडले कीं त्या खड्ड्यांतून तेल झिरपे. घर बदललें तरी दुखणें तेंच राहिलें.

मात्र लष्कर आणि घर यांत एक मोठा फरक होता. लष्करांत ठराविक मुदतीनें तुंबे उघडण्याची शिस्त असे. घरांत ती कोण पाळणार? गाडी चालते आहे तोंवर कोणी चाक काढीत नाहीं. खालीं दोन थेंब पडले तर त्याखालीं एखादा जुना डबा ठेवून वेळ मारून नेली जाते. आणि खरा धोका याच ठिकाणीं आहे. सपाट रस्त्यावर तेलकट ब्रेकहि थोडाफार धरतो. परंतु माणसांनीं भरलेली गाडी घाट उतरूं लागली, म्हणजे ब्रेकवर सारखा पाय राहातो. ड्रम तापतो, तेलाचा धूर निघतो आणि बिघडलेल्या बाजूचें चाक धरीनासें होतें. दुसऱ्या बाजूचें चाक मात्र धरतें, आणि गाडी त्या बाजूला खेंचली जाते. उतारावर आणि वळणावर एवढा एक झटका पुरतो. एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला दरी असलेल्या आपल्या घाटांत तो झटका कोणत्या बाजूला बसेल, हें चामड्याचें एक जुनें कडें ठरवितें.

तेव्हां गळका तुंबा दुरुस्त करणें म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कुशल मिस्त्री हत्यार उचलण्यापूर्वीं ओघळ कशाचा आहे तें ओळखतो. दांतेरी चक्रांच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. ग्रीस घट्ट आणि चिकट असतें. ब्रेकचें तेल पाण्यासारखें पातळ असून गाडीच्या रंगाला लागलें तर रंग उडवितें. हा ओघळ ब्रेकच्या तेलाचा असेल, तर दोष ब्रेकच्या नळकांड्यांत शोधावयास हवा. तुंब्यांतलीं कडीं बदलून कांहींच साधणार नाहीं. तो नुसत्या ग्रीसचा असेल, तर शेवटचें कडें झिजलें असावें किंवा कोणी हौसेनें तुंबा गच्च भरला असावा. कारण फाजील ग्रीस तापून फुगतें आणि ओठ उचलून बाहेर पडतें. उग्र वासाचें पातळ तेल निघालें, तर तें थेट मधल्या पेटींतून आलें आहे आणि पहिल्यापासून तिन्ही कडीं पाहिलीं पाहिजेत.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. बाहेरचें कडें बदलणें सोपें, म्हणून तेवढेंच बदलतात; महिनाभरानें पुनः काळा पट्टा उमटतो आणि दोष नव्या कड्याच्या माथीं मारला जातो. जुने मिस्त्री आणखी एका जागेकडे बोट दाखवितात. आंसाच्या पेटीला हवा येण्याजाण्यासाठीं एक बारीक छिद्र असतें. तें चिखलानें बुजलें कीं गाडी चालून तापतांच आंतली हवा फुगते, तिला दुसरी वाट नसते, आणि ती तेलाला कड्यांतून ढकलीत बाहेर निघते. अशा वेळीं चांगलें कडेंहि गळतें. तारेच्या टोकानें छिद्र मोकळें केल्यानें जें काम होतें, तें सर्व कडीं बदलूनहि होत नाहीं.

प्रत्यक्ष काम सावकाशीचें आहे. इतर चाकांना अडण्या लावून, आंसाखालीं भक्कम टेकू देऊन चाक काढावयाचें. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखालीं शिरावयाचें नाहीं. बाहेरचा पट्टा सोडवून, चाकीच्या मागची वांकविलेली पत्री सरळ करून चाकी उलगडली, म्हणजे तुंबा हातीं येतो. बेअरिंगें धुऊन उजेडांत पाहावीं. रुळांवर निळसर डाग, खड्डे किंवा ओरखडे असले तर तीं टाकून द्यावीं. कड्याचा ओठ जेथें घांसतो तेथें आंसाच्या बुंध्यावर नखानें चांचपावें. नख अडेल एवढी खांच पडली असेल, तर नवें कडें त्याच खांचेवर बसून तसेंच गळेल. म्हणून तो भाग बदलावा, दुरुस्त करावा, अथवा ओठ खांचेपासून किंचित दूर बसेल असें करावें. मऊ चामड्यानें कठीण पोलादाला खांच पाडावी हें नवल वाटतें. परंतु तें काम चामड्याचें नसतें, त्यांत रुतलेल्या धुळीचें असतें.

चामड्याचें कडें बसविण्यापूर्वीं तें तेलांत चांगलें भिजवीत, नमद्याचेंहि तसेंच. कोरडें चामडें पहिल्या कांहीं मैलांतच जळून कडक होतें आणि मग तें तेल राखीत नाहीं. कडें लांकडाच्या सपाट ठोकळ्यानें सर्व बाजूंनीं सारखें ठोकीत आंत बसवावें. एका बाजूनें ठोकलें तर चौकट वांकडी होऊन ओठ एकीकडे उचलला जातो. ग्रीस बेअरिंगांच्या रुळांमध्यें दाबून भरावें, तुंब्याच्या पोकळींत कोंबूं नये. चाकी आवळतांना चाक हातानें फिरवीत राहावें. तें जड झालें कीं चाकी किंचित मागें घ्यावी आणि पत्री वांकवून पक्की करावी. चाकी फार आवळली तर बेअरिंग तापतें. सैल ठेवली तर चाक डुलतें आणि त्या डुलण्यानेंच ओठ झिजतो. तेल प्यालेलें ब्रेकचें अस्तर पेट्रोलनें धुऊन पुनः वापरण्याचा मोह होतो. पण तापल्यावर आंत मुरलेलें तेल पुनः वर येतें, म्हणून तें बदलणेंच शहाणपणाचें. आणि जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याचें आतां सिद्ध झालेलें असल्यामुळें ती फुंकरीनें किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून काढावी.

युद्धानंतरच्या वर्षांत कृत्रिम रबराच्या ओठानें चामड्याची जागा हळूहळू घेतली. तें भिजवावें लागत नाहीं, अधिक उष्णता सोसतें आणि एका सांच्यांतून हजारों सारखीं निघतात. जुन्या जीपा जतन करणारे हौशी लोक आज रबराचींच कडीं बसवितात, आणि तें योग्यच आहे. तरी जुन्या गाडीचा तुंबा उघडतांना एखादे वेळीं आंतून काळें पडलेलें चामड्याचें कडें निघतें. दाबलें तर अजून थोडें लवतें. ज्या कोणी तें कमावलें, कापलें आणि वळविलें, त्याचें नांव कोठेंहि नोंदलेलें नाहीं. गाडीच्या आराखडेकारांचीं आणि कारखान्यांचीं नांवें मात्र इतिहासांत राहिलीं आहेत.

बैलगाडीच्या गाडीवानाला वंगणाची आठवण चाकच करून देई. तें कुरकुरे आणि तो खालीं उतरे. जीपचा तुंबा कुरकुरत नाहीं. तो मुकाट्यानें गळतो आणि त्याचें गळणें एके दिवशीं घाटांतच कळतें. म्हणून कुरकुर ऐकणाऱ्या कानाचें काम आतां डोळ्यांवर आलें आहे. दर प्रवासापूर्वीं चाकांच्या आंतल्या बाजूस एकदां वांकून पाहावें. तेथें काळा पट्टा दिसला, तर खालीं डबा ठेवूं नये, चाक काढावें.